लॉजवर राहिलं तर बिघडतं काय?



आपल्याकडे पुरुषमाणूस कामासाठी परगावी गेला आणि लॉजवर उतरला, तर घरी आल्यावर त्याला फार तर एवढंच विचारतात, "झोप लागली ना नीट?" तेच बाई म्हणाली, "मी लॉजवर उतरले होते," की आधी सगळे गप्प होतात आणि मग प्रश्न सुरू होतात. एकटी? का? तिथे आपलं कोणी नव्हतं का?

मला या गप्प होण्याबद्दलच लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. साध्या, स्वच्छ लॉजवर बाईने एकटीने एक रात्र काढली तर त्यात कमीपणाचं काही नाही. उलट आपल्या वयाच्या बायकांनी ही गोष्ट शिकून घ्यायला हवी. पुढे ज्या कामांसाठी आपल्याला घराबाहेर पडावं लागणार आहे, ती कामं संध्याकाळच्या आत उरकतीलच असं नाही.

मागच्या हिवाळ्यात मी अमळनेरला दोन दिवस राहिले. अमळनेर माझं माहेर. आई-वडील गेले, भाऊ पुण्याला असतो, घराला कुलूप आहे. त्या घराच्या कागदांवर आम्हा भावंडांची नावं लावायची होती. भावाला सुट्टी मिळेना, म्हणून मी धुळ्याहून एसटीने गेले. पहिल्या दिवशी काम निम्मं झालं. उरलेलं दुसऱ्या दिवशी सकाळी होणार होतं. गावात काकांचं घर आहे. पण काकू अंथरुणाला खिळलेल्या आहेत. घरात एकच सून, ती शाळेत शिकवते आणि आल्यावर सासूचं सगळं करते. मी काकूंना भेटले, चहा घेतला आणि मुक्कामाला लॉजवर गेले.

पहिल्या लॉजवर काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "फॅमिली असेल तरच देतो." मी म्हटलं, "अरे बाळा, मी फॅमिलीचीच बाई आहे." तो हसला, पण खोली काही दिली नाही. दुसऱ्या ठिकाणी मालक स्वतः बसले होते. त्यांनी आधार कार्ड पाहिलं, रजिस्टरमध्ये नाव-पत्ता लिहून घेतला आणि चावी हातात दिली. भाडं आठशे रुपये.

खोलीत एक पलंग, धुतलेली चादर, भिंतीत आरसा, खिडकीला जाळी, न्हाणीत बादली आणि मग. बस्स. कुठे गुळगुळीत फरशी नाही की टेबलावर फुलं नाहीत. पण दाराची कडी घट्ट लागत होती, नळाला पाणी होतं आणि खालून कसला गोंगाट नव्हता. बाईमाणसाला एका रात्रीसाठी याहून जास्त काय लागतं?

सहज आठवलं म्हणून सांगते. त्या खोलीतल्या चावी, बादली, दाराची बिजागरी, कपड्यांची इस्त्री या वस्तूंचे शब्द आपल्या भाषेत पोर्तुगीजांकडून आले. खाली नाश्त्याला मिळणारा पाव आणि आपण वर्ज्य मानतो तो बटाटा, हे शब्दही त्यांचेच. सातासमुद्रापलीकडचे शब्द आपण घरात घेतले, रोज वापरतो, आणि आपल्याच गावातली लॉजची खोली मात्र आपल्याला परकी वाटते.

अमळनेर हे अप-डाऊनवाल्यांचं गाव. सकाळच्या गाड्यांना बघा. डबे घेतलेली नोकरदार मंडळी, कॉलेजच्या मुली, शिक्षिका. कोणी धरणगाव-पाळधीमार्गे जळगावकडे, कोणी एसटीने धुळ्याकडे. संध्याकाळी ही सगळी माणसं परत येतात आणि नऊच्या पुढे गाव शांत होतं. मंगळवारी मंगळग्रह मंदिराची गर्दी आणि वैशाखात बोरी नदीच्या पात्रात भरणारी सखाराम महाराजांची यात्रा सोडली, तर एरवी मुक्कामाला येणारे थोडेच. अशा गावातला लॉज म्हणजे मुख्यतः औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, व्यापारी आणि लग्नाचे पाहुणे यांची जागा. बाई एकटी येईल हे त्यांच्या हिशोबातच नसतं. म्हणून "फॅमिली असेल तरच". एकट्या बाईला खोली देऊ नये असा कुठलाही कायदा नाही. ओळखपत्र बघावं, नोंद ठेवावी, एवढं मालकाचं काम. बाकीची बंदी ही पडून गेलेली रीत आहे, आणि आपण कधी दारात उभ्याच राहिलो नाही म्हणून ती टिकली.

आता "आपलं कोणी नव्हतं का?" या प्रश्नाकडे येऊ. होतं की. पण आपण पाहुण्या म्हणून जातो तेव्हा त्या घरी कोण राबतं? सून. आपल्या पाहुणचारात तर जास्तच. पाणी उकळून ठार करायचं, सूर्यास्ताच्या आत ताट वाढायचं, कांदा-लसूण वेगळं, कंदमूळ नाही, तिथी असेल तर हिरवी भाजी नाही. डिसेंबरात आपल्या खान्देशात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. नोकरी करणारी सून साडेपाचला घरात पाय ठेवते, आणि आपण ओट्याजवळ घड्याळ बघत उभ्या! आपल्या धर्मात अहिंसेचा विचार मुंगीपर्यंत जातो. तो त्या दमलेल्या पोरीपर्यंतही जायला हवा. प्रेमाने बोलावलं तर जरूर जावं, चार दिवस राहावं. पण केवळ लोक काय म्हणतील म्हणून दुसऱ्याच्या घरावर आपला मुक्काम टाकणं, याला मी आपुलकी म्हणणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. हिंदू वारसा कायदा आपल्या जैनांनाही लागू आहे. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. ती ९ सप्टेंबर २००५ पासून लागू आहे. माझ्या भावाने स्वतः सांगितलं, "ताई, तुझं नाव लागलंच पाहिजे." प्रत्येकीचं नशीब असं नसतं. कितीतरी बहिणींना माहेरी जाऊन कागद बघायचे असतात, वकिलाला भेटायचं असतं, आणि उतरायचं कुठे? ज्या भावाशी वाटणीचं बोलायचं त्याच्याच घरी. त्याच्या ताटातला घास घेतल्यावर तोंडातून शब्द फुटत नाही. रात्री वहिनी प्रेमाने पाठीवरून हात फिरवते आणि सकाळी हक्कसोडपत्रावर सही होते. स्वखुशीने सोडलं तर प्रश्नच नाही, तो त्याग आहे. पण भिडेपोटी केलेली सही म्हणजे त्याग नव्हे. शांत डोक्याने रात्रभर विचार करायला आठशे रुपयांची खोली मिळाली असती, तर काही बहिणींनी सही केली असती, काहींनी केली नसती. जे काही केलं असतं ते स्वतःच्या मनाने केलं असतं.

आणखीही कामं आहेत. मुलीची परीक्षा दुसऱ्या गावी सकाळी आठला असते. कोणी दवाखान्यात असतं. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं आणि आपल्याकडच्या बायका खऱ्या अर्थाने बाहेर पडू लागल्या. शिरपूर, चोपडा, पारोळा, कुठलीही गाडी बघा, निम्म्याहून जास्त बायकाच दिसतात. जाण्याची सोय झाली, राहण्याची मात्र नाही. म्हणून कितीतरी जणी काम अर्धवट टाकून शेवटची गाडी पकडतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेवढाच प्रवास करतात.

"मग आपल्या धर्मशाळा कशासाठी आहेत?" असं एक मावशी मला म्हणाल्या. बरोबर आहे. आपल्या समाजाने गावोगावी, तीर्थोतीर्थी धर्मशाळा बांधल्या, भोजनशाळा चालवल्या. त्या पुण्याईवर आपण यात्रा करतो. पण धर्मशाळा यात्रेकरूसाठी असते. जिथे तीर्थ नाही, तिथे ती बहुधा नसते. शिवाय काही धर्मशाळांतही एकट्या व्यक्तीला खोली देत नाहीत. म्हणजे आपल्याच दारातही एकटी बाई अडतेच. विश्वस्त मंडळांनी यावर विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

खाण्यापिण्याची भीती मला समजते. पण ती वाटते तेवढी मोठी नाही. मी मेथीच्या पुऱ्या, खाखरे आणि मुगाचं मोगर घरून नेलं होतं. मालकांना म्हटलं, "दादा, मला पाच वाजता फक्त उकळलेलं पाणी आणि साधा भात मिळेल का?" ते म्हणाले, "भाभी, आधी सांगितलं म्हणून बरं झालं." त्यांच्या घरचं स्वयंपाकघर वरच्याच मजल्यावर होतं. पाच वाजता झाकलेल्या पातेल्यात भात आला आणि पितळी तांब्यात गरम पाणी. मी गाळून घेतलं, खिडकीशी बसून जेवले. सहाला प्रतिक्रमणाला बसले, तेव्हा कोणी हाक मारली नाही की "आता चहा घेणार का?" खरं सांगू का, घरच्या धबडग्यात इतकं निवांत प्रतिक्रमण मला कित्येक महिन्यांत मिळालं नव्हतं.

सुरक्षिततेचा प्रश्न मात्र खरा आहे. तो हसण्यावारी नेऊ नये. म्हणून मी स्वतः जे पाळते ते सांगते. उजेडात पोहोचायचं. पैसे देण्याआधी खोली बघायची. कडी आतून लावून पाहायची, खिडकी बंद होते का बघायचं, आरसा आणि दिव्याच्या जागा नीट न्याहाळायच्या. फार आडबाजूची खोली घ्यायची नाही, काउंटरच्या जवळची मागायची. आधारची झेरॉक्स द्यावी लागली तर मास्क्ड आधार द्यायचं. त्यात नंबराचे शेवटचे चारच आकडे दिसतात आणि ते आधारच्या संकेतस्थळावरून काढता येतं. लॉजचं नाव आणि खोलीचा नंबर घरच्यांना कळवायचा. आणि मन मानत नसेल तर सरळ उठून निघायचं, भीड धरायची नाही. जिथे रजिस्टरच नाही, तिथे तर थांबायचंच नाही. ज्या मालकाने माझा पत्ता नीट लिहून घेतला, त्याच्याच लॉजवर मला निर्धास्त झोप लागली.

पैशांचंही बोलते. आठशे रुपये थोडे नाहीत. पण पाहुण्याच्या घरी जाताना आपण फळं, मिठाई, मुलांच्या हातावर पैसे, वहिनीला ब्लाउजपीस नेतोच. हिशोब मांडला तर फार फरक पडत नाही. जीएसटी लावणारं हॉटेल असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. म्हणून बिल मागायला आणि वाचायला लाजायचं नाही.

अमळनेरच्याच मातीतली एक आठवण लॉजमालकांना सांगावीशी वाटते. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळात इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते आणि शाळेचं छात्रालय सांभाळत होते. परगावहून आलेल्या मुलांच्या खोल्या ते स्वतः झाडत, त्यांची अंथरुणं आवरत. दुसऱ्याच्या लेकराला परक्या गावात परकं वाटू नये, एवढंच त्यामागे होतं. लॉज हा धंदा आहे, तो सेवा म्हणून कोणी चालवावा असं मी म्हणत नाही. पण धुतलेली चादर, घट्ट कडी, गरम पाणी आणि एकट्या बाईकडे संशयाने न बघणारी नजर यात मालकाचं काही जात नाही. उलट गिऱ्हाईक वाढतं. आपला समाज व्यापाऱ्यांचा आहे, आपल्यातल्याही कितीजणांचे लॉज आणि हॉटेलं आहेत. सुरुवात तिथूनच व्हायला काय हरकत आहे? घरातल्या बाईने जेवताना नवऱ्याला एवढं विचारावं, "आपल्या लॉजवर एकटी बाई आली तर तुम्ही खोली देता का?"

आणि महिला मंडळांनी एक काम हाती घ्यावं. पर्युषणात आपण तपस्वींच्या याद्या करतो, वर्षभर सहलींच्या याद्या करतो. तशीच एक यादी करावी: जळगाव, धुळे, अमळनेर, चोपडा, पारोळा, शिरपूर, दोंडाईचा, चाळीसगाव. प्रत्येक गावात एखादी तरी साधी, स्वच्छ जागा, जिथे आपल्यातली कोणी स्वतः जाऊन खोली पाहिली आहे, मालकाशी बोलली आहे, सूर्यास्ताआधी जेवण आणि उकळलेलं पाणी मिळेल याची खात्री केली आहे. फोन नंबरासकट ती यादी स्थानकातल्या फळ्यावर लावावी आणि दर वर्षी तपासावी. ज्या बाईला उद्या माहेरच्या कागदांसाठी किंवा लेकीच्या परीक्षेसाठी निघायचं आहे, तिला ती फळ्यावरून उतरवून घेता येईल. कोणाला विचारावं लागणार नाही आणि कोणाला उत्तरही द्यावं लागणार नाही.