शेगडी घेताना धूर पाहा

मैत्रिणींनो, सिलिंडर ऐनवेळी संपला की दुसरी सोय हवीच. म्हणून उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी लाकूड, पऱ्हाट्या, करवंट्या सगळं चालणारी शेगडी घ्यायचं ठरलं. सासूबाईंचा जन्म चुलीपुढे गेला. खोकला अजून पाठ सोडत नाही. तेव्हा नुसत्या चकाकीला भुलू नका. दुकानदाराला पेटवूनच दाखवायला सांगा. वरच्या भोकांतून पुरेशी हवा मिळाली की धूरही जळून जातो, भांड्याचं बूड फारसं काळवंडत नाही. भारतीय मानक आयएस १३१५२ चा शिक्का बघा. सरपण मात्र खडखडीत वाळलेलं, बारीक तुकड्यांचं हवं. आणि धूर दिसला नाही तरी विषारी कार्बन मोनॉक्साइड असतोच. बंद खोलीत कदापि पेटवू नका. आमची शेगडी गच्चीवरच असते!