रुग्णवाहिकेआधीची दहा मिनिटे

केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने १३ ते १७ ऑक्टोबर २०२५ असा सीपीआर (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायचा प्रथमोपचार) जागृती सप्ताह पाळला. शपथा झाल्या, प्रात्यक्षिके झाली. पण शपथेने थांबलेले हृदय सुरू होत नाही. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडले की माणूस जगणार की नाही, हे शेजारी उभा असलेला माणूस ठरवतो. छातीवर दाब आणि विजेचा झटका मिळाला नाही, तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी घटते. १०८ला फोन लावून रस्त्याकडे डोळे लावण्यात दहा मिनिटे सहज जातात. मग डॉक्टरांच्या हाती फारसे काही उरत नाही.

बहुतेकदा हे घडते घरातच. समोर असतात बायको, मुलगा, सून. कोसळलेल्याची मधूनच घरघर ऐकू येते, श्वास चालू आहे असे वाटते, कोणी पाणी पाजू पाहते, कोणी कांदा हुंगवते. ती घरघर म्हणजे श्वास नव्हे! तेव्हा छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब द्यायचा असतो. तोंडाने श्वास देणे जमत नसेल, तर नुसते दाबत राहावे. एवढे दहावीच्या मुलाला शिकवायला आपल्याला कोणी अडवले आहे?

डेन्मार्कने २००५मध्ये हे शिक्षण शाळांत सक्तीचे केले, पुढच्याच वर्षी वाहन परवान्याला त्याची अट घातली. २००१मध्ये तिथे जेमतेम २१ टक्के रुग्णांना जवळच्या माणसांकडून सीपीआर मिळे. २०१०मध्ये ४५ टक्क्यांना मिळाला. महिनाभरानंतर जिवंत असणारे ३.५ टक्क्यांवरून १०.८ टक्क्यांवर गेले. हे एका सप्ताहाचे काम नव्हते, सक्तीचे होते. आपल्याकडे शिकाऊ परवान्यासाठी वाहतुकीची चिन्हे ओळखली की पुरते.

झटका देणारे यंत्र हृदयाचा ताल स्वतः तपासते, काय करायचे ते बोलून सांगते. लोकलच्या आणि एसटीच्या प्रत्येक मोठ्या स्थानकावर, वारीच्या प्रत्येक मुक्कामी ते हवे, आणि कुलपात नको. मदतीला धावणाऱ्याच्या मनात पोलिसांची धास्ती असते, तिचेही बघा. मोटार वाहन कायद्यात २०१९मध्ये आलेले कलम १३४-अ मदतकर्त्याला संरक्षण देते, पण रस्ते अपघातापुरतेच. जिन्यात कोसळलेल्या शेजाऱ्याची छाती दाबताना बरगडी मोडली, तर तितक्याच स्वच्छ शब्दांतले संरक्षण दाबणाऱ्यालाही द्या. त्यासाठी दिल्लीला हलावे लागेल. शालेय अभ्यासक्रम मात्र राज्याच्या हातात आहे. येत्या जूनपासून आठवीच्या प्रत्येक वर्गात सरावाचा पुतळा आणि शिकवणारा प्रशिक्षक पोहोचलाच पाहिजे.