नाशिकमध्ये समुद्र आणणारी स्क्रिप्ट

"काय रे, हरिहरच्या खाली समुद्र कधी आला?" गेल्या रविवारी बाबांनी चहा पिता पिता विचारलं.

बाबांच्या ट्रेकच्या नोंदींचं छोटंसं पुस्तक करायचं चाललंय. काही नोंदी जुन्या कॉम्प्युटरवर टाइप केलेल्या, काही मोबाईलवरून पाठवलेल्या. प्रिंट काढून दिली, तर 'खोल दऱ्या'चा झाला होता 'खोल दर्या'! हरिहरच्या प्रसिद्ध पायऱ्यांच्याही 'पायर्या'. आणि गंमत म्हणजे दोन ओळी खाली तोच शब्द अगदी बरोबर.

आपण इंजिनिअर लोक आधी दुसऱ्यावर संशय घेतो. मी फॉन्टवर घेतला. कारण एडिटरमध्ये इमोजींच्या जागीही रिकामे चौकोन दिसत होते. तो घोळ खरंच फॉन्टचा होता. एका फॉन्टमध्ये चिन्ह नसलं की सॉफ्टवेअर दुसऱ्यात शोधतं, कुठेच नाही मिळालं की चौकोन. (या चौकोनांना 'टोफू' म्हणतात. गूगलच्या 'नोटो' फॉन्टचं नाव 'नो टोफू'वरूनच पडलंय.) नोटोचा इमोजी फॉन्ट टाकला, चौकोन गेले. पण आई-बाबा-मुलगी अशा एकत्र कुटुंबाचे आता तीन सुटे चेहरे दिसायला लागले! आणि दर्या जिथल्या तिथे.

मग ट्यूब पेटली. तो कुटुंबाचा इमोजी म्हणजे तीन इमोजी आणि त्यांना जोडणारं एक न दिसणारं अक्षर, झिरो विड्थ जॉइनर. 'दऱ्या'मधला अर्धा र जुन्या पद्धतीने टाइप करताना हेच अक्षर लागतं: र, हलन्त, जॉइनर, मग य. मोबाईलवरच्या नोंदींत मात्र र ऐवजी 'ऱ' हे युनिकोडमधलं वेगळंच अक्षर होतं. त्याला जॉइनर लागत नाही, म्हणून ते शब्द वाचले.

जॉइनर खाल्ला कोणी? अस्मादिकांनी! फाइल 'स्वच्छ' करायला चार ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती: न दिसणारं जे जे असेल ते उडवा.

आता माझं म्हणणं. इमोजी तुटला तर जगभर बोंब होते. आपला र तुटला तर आपणच म्हणतो, "चालतंय, कळतं ना!" नाही कळत. लग्नाच्या हिशोबात 'आचाऱ्यांना दिले' आणि 'आचार्यांना दिले' यात स्वयंपाकी आणि गुरुजी एवढा फरक आहे. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये आलं २००८ साली, इमोजींच्या जेमतेम दोन वर्षं आधी. कोणीतरी मागितलं, म्हणूनच आलं असणार ना?

आणि इथे तर चूक परदेशातल्या कोणाची नव्हती. मराठी घरात वाढलेल्या, रोज कोड लिहिणाऱ्या पोराची होती. टेस्ट करताना आपण 'हॅलो वर्ल्ड' टाकतो, 'दऱ्या' कधीच टाकत नाही. मी आता टाकतो, दोन्ही पद्धतींनी.

असो. मूळ फाइल शाबूत होती, नवी प्रिंट काढली. बाबा म्हणाले, "आता पाय न भिजवता उतरता येईल."