दुष्परिणामांचा रकाना कोरा का?

प्रति,
माननीय वैद्यकीय शिक्षण व औषधी द्रव्ये विभाग,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई.

विषय: पुणे शहर व जिल्ह्यातील फुफ्फुसाच्या कर्करोगाचे रुग्ण, त्यांना मिळणारे रेडिएशन आणि त्याच्या दुष्परिणामांची नोंद.

महोदय,

यंत्र किती कोटींचे, त्याचे उद्घाटन कोणाच्या हस्ते झाले आणि राज्याच्या आरोग्य योजनेतून किती दावे मंजूर झाले, हे महाराष्ट्रात विनाविलंब जाहीर होते. परंतु फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी रेडिएशन घेतलेल्या किती रुग्णांना पुढील सहा महिन्यांत दम लागू लागला, किती जणांना घास गिळता येईना म्हणून नळीने अन्न द्यावे लागले आणि कोणाला कोणत्या तंत्राने उपचार मिळाले, याचा रुग्णालयनिहाय हिशेब नागरिकांपुढे ठेवण्याची तसदी कोणी घेतलेली नाही. 2025 मध्ये मंत्रिमंडळाने सर्वंकष कर्करोग उपचार धोरण मंजूर केले, ‘महाकेअर’ प्रतिष्ठानाची घोषणा झाली, रुग्णालयांची त्रिस्तरीय रचना आखली गेली, आणि त्याबद्दल विभागाचे यथोचित अभिनंदन झालेलेच आहे. प्रश्न त्या रचनेतील एका कोऱ्या रकान्याचा आहे.

फुफ्फुसातील गाठ स्थिर नसते. श्वासाबरोबर ती वरखाली सरकते आणि खालच्या भागात असेल तर एक-दीड सेंटिमीटर किंवा त्याहूनही अधिक हलते. ही हालचाल मोजली नाही, तर गाठ निसटू नये म्हणून किरणांचे क्षेत्र चहूबाजूंनी वाढवावे लागते, आणि वाढवलेला प्रत्येक मिलिमीटर निरोगी फुफ्फुस, अन्ननलिका किंवा हृदय यांच्या वाट्याला जातो. श्वासाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर प्रतिमा घेणारे चतुर्मितीय सीटी स्कॅन, दीर्घ श्वास रोखून धरलेल्या अवस्थेत किरण देण्याची पद्धत, किरणांची तीव्रता भागाभागाने कमीजास्त करणारे आयएमआरटी तंत्र आणि रोजच्या उपचारापूर्वी टेबलावरच प्रतिमा घेऊन रुग्णाची स्थिती पडताळणारे आयजीआरटी, या साऱ्यांचा रोख हा वाया जाणारा मिलिमीटर वाचवण्यावर आहे. याउलट जुन्या कोबाल्ट यंत्रातील स्रोताचा व्यास दीड-दोन सेंटिमीटर असल्याने किरणपुंजाची कड पुसट राहते. शिवाय कोबाल्ट-60 ची तीव्रता सुमारे 5.27 वर्षांत निम्मी होत असल्याने, स्रोत वेळेत न बदललेल्या यंत्राखाली रुग्णाला दुप्पट वेळ निश्चल पडून राहावे लागते, आणि दर मिनिटाला खोकणाऱ्या माणसाने ते कसे साधावे याचे परिपत्रक अद्याप निघालेले नाही.

तंत्र बदलल्याने नेमका किती फरक पडतो, हेही गुपित नाही. अमेरिकेतील आरटीओजी 0617 या चाचणीचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात 60 ग्रे आणि 74 ग्रे या दोन मात्रांची तुलना होती (ग्रे हे शरीराने शोषलेल्या किरणमात्रेचे एकक). अधिक मात्रा घेणाऱ्यांचे मध्यगत आयुर्मान 20.3 महिने भरले, तर कमी मात्रा घेणाऱ्यांचे 28.7 महिने, आणि हृदयावर पडलेली मात्रा मृत्यूच्या जोखमीशी निगडित असल्याचे दिसून आले. त्याच चाचणीतील 482 रुग्णांच्या 2017 मधील विश्लेषणात किरणोत्सर्गजन्य फुफ्फुसदाहाचे, म्हणजे निरोगी फुफ्फुसाला सूज येऊन ताप, कोरडा खोकला आणि दम लागण्याचे, तीव्र स्वरूपाचे प्रमाण जुन्या त्रिमितीय तंत्रात 7.9 टक्के आणि आयएमआरटीत 3.5 टक्के आढळले, तेही आयएमआरटी मिळालेल्या रुग्णांच्या गाठी मोठ्या असताना. हजार रुग्णांमागे हा फरक 44 माणसांचा होतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या 2022 च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला या रोगाचे सुमारे 81 हजार 700 नवे रुग्ण आढळतात आणि सुमारे 75 हजार जण दगावतात. त्यातील पुणे जिल्ह्याचे किती जण त्या 44 मध्ये मोडतात, हे विभागाला सांगता येईल काय?

2011 च्या जनगणनेनुसार (तिच्यानंतरची जनगणना वेळेत न झाल्याने तीच शिरोधार्य) पुणे जिल्ह्याची लोकसंख्या 94.29 लाख होती. दर दहा लाखांमागे किमान एक रेडिएशन यंत्र या सर्वमान्य निकषाने तेव्हाच किमान 9 यंत्रे हवी होती, आणि येथे उपचारांसाठी येणारे सोलापूर, सातारा, अहिल्यानगरचे रुग्ण त्या हिशेबात धरलेलेच नाहीत. शहरातील बहुतेक यंत्रे खासगी व धर्मादाय रुग्णालयांत आहेत. धर्मादाय रुग्णालयांनी 10 टक्के खाटा निर्धन आणि 10 टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्यात असा दंडक आहे. परंतु फुफ्फुसासाठी आठवड्यातून पाच दिवस, सहा आठवडे, 30 वेळा ‘लाइट’ घेणारा रुग्ण बहुतांशी खाटेवर नसतोच, तो बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर असतो. खाटांत मोजलेली सवलत बाकापर्यंत कितपत पोहोचते, याचाही तपशील जाहीर व्हावा. ज्यांना येथे परवडत नाही ते मुंबईत परळचे कर्करोग रुग्णालय गाठतात, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेची वाट पाहतात आणि सहा आठवड्यांची मजुरी बुडवतात. आरोग्य योजनेचे कवच 5 लाख रुपयांपर्यंत वाढवले हे खरे, पण बुडालेली मजुरी त्या कवचात मावत नाही.

यापेक्षा गंभीर प्रकार उपचार संपल्यावर घडतो. अन्ननलिकेचा दाह दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतो, तेव्हा रुग्ण निदान डॉक्टरांच्या नजरेसमोर असतो. मऊ भात आणि वरणाचे पाणीही घशाखाली उतरत नाही हे कोणीतरी पाहते. फुफ्फुसदाह मात्र बहुधा एक ते सहा महिन्यांनी, म्हणजे रुग्ण इंदापूर किंवा भोरला परतल्यानंतर डोके वर काढतो. तेथील डॉक्टरांच्या हाती किती मात्रा दिली, किती फुफ्फुसावर 20 ग्रेहून अधिक पडली याचा कागद नसतो. ताप-खोकला पाहून न्यूमोनियाची प्रतिजैविके सुरू होतात, क्वचित क्षयरोगाचीही औषधे, आणि स्टेरॉइड वेळेत देऊन जे आटोक्यात आले असते ते हाताबाहेर जाते. हा कागद छापण्यासाठी परदेशी यंत्र लागत नाही.

प्रोटॉन उपचारांचा दाखला पुढे केला जाण्याची शक्यता असल्याने त्याचाही उल्लेख येथेच केलेला बरा. खारघरची हॅड्रॉन (म्हणजे प्रोटॉन) किरणोपचार सुविधा 2023 मध्ये राष्ट्रार्पण झाली आणि लहान मुलांच्या अनेक कर्करोगांत ती मोलाची ठरते. परंतु फुफ्फुसाबाबत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत त्या वेळच्या प्रोटॉन तंत्राने फुफ्फुसदाह आयएमआरटीपेक्षा कमी झाला नाही. शेकडो कोटींच्या यंत्राचे छायाचित्र चांगले येते, हे मान्य.

तेव्हा विभागाने, पुण्यातील ज्या ज्या रुग्णालयांना योजनेचा निधी मिळतो त्यांच्याकडून तंत्र, प्रतीक्षेचे दिवस, फुफ्फुस व हृदयावरील मात्रा आणि सहा महिन्यांपर्यंतचे तीव्र दुष्परिणाम यांची तिमाही आकडेवारी मागवून ती प्रसिद्ध करावी, आणि प्रत्येक रुग्णाच्या हाती मराठीत मात्रापत्रक देण्याची अट निधीवाटपाशी जोडावी. ही आकडेवारी विभागाकडे असेल, तर ती दडवण्याचे कारण लेखी कळवावे. नसेल, तर ज्या उपचारांचे परिणाम ठाऊक नाहीत त्यांची देयके कोणत्या आधारावर मंजूर होतात, तेही कळवावे.

कळावे,
पुणे शहरातील नागरिक