हाती असलेले तास

26 डिसेंबर 2004 रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रालगतचा समुद्रतळ हादरला. त्सुनामीच्या लाटा चेन्नईला धडकल्या त्या सुमारे अडीच तासांनी. भूकंपाची नोंद यंत्रांनी तत्काळ केली होती. ती किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या कानी घालणारी व्यवस्थाच नव्हती. भारतात दहा हजारांहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मुंबईलाही हा धडा आधी मिळाला होता. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ झालेल्या भूकंपाच्या लाटा काही तासांनी मुंबईत शिरल्या आणि माणसे वाहून गेली. दोन्ही वेळी निसर्गाने अवधी दिला होता.

2004 नंतर मात्र आपल्या शास्त्रज्ञांनी तत्परता दाखवली. ऑक्टोबर 2007 मध्ये हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेत त्सुनामी इशारा केंद्र सुरू झाले. भूकंपमापक, समुद्रतळावरील दाबमापक आणि भरतीमापक यांच्या नोंदी जुळवून तेथे काही मिनिटांत निर्णय होतो. कोणता भूकंप लाट उठवील आणि कोणता नाही, हे ओळखणे ही भूशास्त्रज्ञाची खरी विद्या. कारण फुकाचा गजर दोनदा झाला, की तिसऱ्या खऱ्या गजराला कोणी उठत नाही.

पण विद्या असून भागत नाही. जपानमध्ये सेंदाईच्या मैदानात इ.स. 869 च्या त्सुनामीने आत आणून टाकलेला वाळूचा थर भूशास्त्रज्ञांनी शोधला होता. समुद्र इथवर येऊन गेला आहे, हे ते सांगत होते. तो थर जितका आत होता, जवळपास तितक्याच आत 2011 ची लाट आली.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या वाचकाला वाटेल, आपल्याला समुद्राचे काय? त्याचा समुद्र म्हणजे उल्हास नदी आणि तिला मिळणारी वालधुनी. 26 जुलै 2005 ला या नद्यांनी काय केले, ते येथील जुन्या रहिवाशांना सांगायला नको. बरोबर चौदा वर्षांनी, 2019 च्या जुलैअखेर, बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली. हजाराहून अधिक प्रवाशांनी रात्र डब्यांत काढली आणि त्यांच्या सुटकेसाठी नौदलालाही धावावे लागले.

येथेही अवधी असतोच. उल्हास खंडाळ्याच्या घाटमाथ्याजवळ उगम पावते. खाली बेसाल्टचा कठीण कातळ, वर सह्याद्रीचा तीव्र उतार. पाणी मुरत नाही, धावते. तरीही घाटात कोसळलेला पाऊस कर्जत, नेरळ ओलांडून बदलापूरला येईपर्यंत काही तास हाती राहतात. त्या तासांत नदीकाठच्या चाळीत निरोप कोण पोहोचवणार, हे पावसाळ्यापूर्वी ठरलेले असते काय?

दुसरा प्रश्न पूररेषेचा. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. नदीने पूर्वी गाळ कोठवर टाकला, हे वाचता येणाऱ्याचे मत ही रेषा आखताना निर्णायक हवे, बांधकाम व्यावसायिकाचे नव्हे. सदनिका घेणारा कुटुंबप्रमुख सात-बारा तपासतो, कर्जाचा हप्ता मोजतो. आपली इमारत त्या रेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे क्वचितच विचारतो. ओडिशातील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन गावांना 2020 मध्ये 'त्सुनामीसज्ज' अशी आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली, ती गावकऱ्यांनी नकाशे वाचले, पळण्याच्या वाटा ठरवल्या आणि सराव केले म्हणून. उल्हासनगरच्या महापालिकेने आणि शेजारच्या दोन्ही नगरपालिकांनी येत्या मे महिन्यात निदान एका नदीकाठच्या प्रभागात असा सराव घ्यावा.