‘उदाहरणार्थ’ की ‘म्हणजे’?

मुलांनो, आज बाईंचीच चूक सांगते हं! सहलीची सूचना मी हौसेनं इंग्रजीत काढली. ‘कोरडा खाऊ आणावा, आय. ई. चिवडा.’ झालं! डबे उघडले, तर सगळीकडे चिवडाच चिवडा. खूप हसलो. पण एक मुलगी आलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, “बाई, घरी चिवडा नव्हता. भाकरी होती.”

मला लिहायचं होतं ई. जी.! ही दोन्ही लॅटिन शब्दांची लघुरूपं. ई. जी. म्हणजे ‘एक्झेम्प्ली ग्राशिआ’, उदाहरणादाखल. मग चिवडा, चणे, भाकरी, काहीही चालतं. आय. ई. म्हणजे ‘इड एस्ट’, शब्दशः ‘ते आहे’. आपलं ‘म्हणजे’च की! तिथे चिवडा म्हटलं, की फक्त चिवडा.

लिहिताना त्या जागी मराठी शब्द ठेवून पाहा. ‘उदा.’ बसतं की ‘म्हणजे’? लगेच कळेल. (आणि ई. जी.च्या यादीला शेवटी ‘एट सेट्रा’, म्हणजे ‘वगैरे’, जोडू नका. उदाहरणं म्हटली, की बाकीचं आलंच ना!)

पुढच्या सहलीची सूचना मी मराठीत काढली: ‘घरात असेल तो खाऊ आणा.’ ती मुलगी ठेचा-भाकरी घेऊन आली. डबा पहिला तिचाच संपला!