पुण्याला जा, असं सांगणाऱ्यांनो

'वऱ्हाडात तुझं काही खरं नाही. पुण्यात ये, मोकळा राहा.' गे मुलानं मित्रांना सांगितलं की हा सल्ला हमखास मिळतो. देणारे वाईट नसतात, उलट आपलेच असतात. तरी या सल्ल्याशी माझं भांडण आहे आणि ते मी पुण्यात राहून करतोय. अमरावतीत इंजिनिअरिंग केलं, आता हिंजवडीत कोड लिहितो. सल्ल्याचा पुरेपूर फायदा घेतलेला माणूस बोलतोय असं समजा.

फायदे आहेतच. जून आला की कंपनीचा लोगो सप्तरंगी होतो. टीममध्ये लग्नाचं कुणी विचारत नाही. आणि दोन मुलांना फ्लॅट मिळणं सोपं जातं, कारण घरमालकाला एवढीच हमी हवी असते की घरी मुली येणार नाहीत. ती आम्ही अगदी मनापासून देतो.

मग दिवाळी येते. रात्रीची ट्रॅव्हल्स पकडायची. फोटो लॉक फोल्डरमध्ये, कानातली बाळी खिशात, जोडीदाराचं नाव फोनमध्ये 'रूममेट'. 2022च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर 75 किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. त्याच रस्त्यावर, अकोला सोडल्यापासून बडनेरा येईपर्यंत, मी दर दिवाळीला अख्खा माणूस पुसून कोरा करतो. हे कसलं मोकळं होणं? घरापासून सहाशेक किलोमीटर लांब असलं तरच ते टिकतं.

शिवाय हा सल्ला सगळ्यांना परवडत नाही. पुण्याचं तिकीट मला डिग्रीनं काढून दिलं. वरूडला बापाची संत्र्याची बाग सांभाळणाऱ्यानं काय करायचं? अकोल्यात आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणाऱ्यानं? अमरावतीत डेटिंग ॲप उघडून बघा. चेहऱ्यांच्या जागी मावळता सूर्य, बाइकची टाकी, मानेखालचा शर्ट. पण माणसं आहेत. 'आपल्याकडं असलं काही नसतं' म्हणणाऱ्यांना तेवढी एक स्क्रीन पुरे.

हीच लपलेली माणसं सोपं सावज ठरतात. ॲपवर गोड बोलून बोलवायचं, व्हिडिओ काढायचा, पैसे उकळायचे. ठाण्यात गेलं तर पहिला प्रश्न, 'तू तिथं कशाला गेला होता?' आणि लहान शहरात तो विचारणारा मामाच्या ओळखीचा निघू शकतो. कायद्याचंही ऐका. 6 सप्टेंबर 2018ला सुप्रीम कोर्टानं प्रौढांचे संमतीचे संबंध कलम 377मधून बाहेर काढले. जबरदस्तीसाठी ते कलम शिल्लक होतं. 1 जुलै 2024पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तिच्यात ते कलमच नाही. म्हणजे प्रौढ पुरुषावर बलात्कार झाला तर त्यासाठी वेगळं कलम उरलेलं नाही. पुण्याला जाऊन ही फट बुजत नाही. 17 ऑक्टोबर 2023ला त्याच कोर्टानं समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि विषय संसदेकडं टोलवला. कायद्याच्या लेखी माझा जोडीदार पुण्यातही 'रूममेट'च.

आपल्या गोष्टीसुद्धा घर सोडून जातात. सचिन कुंडलकरांची 2006ची कादंबरी 'कोबाल्ट ब्लू' पुण्यातल्या मराठी घरात घडते. 2022मध्ये त्यांनीच तिचा सिनेमा केला, तेव्हा घर कोचीला गेलं आणि भाषा मुख्यतः हिंदी-इंग्रजी झाली. म्हणून रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' मला जवळचा वाटतो. या मराठी सिनेमाला 2025मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. त्यातला आनंद मुंबईत नोकरी करणारा. वडील गेल्यावर दहा दिवसांसाठी गावी येतो, आणि तिथं त्याला शेतकरी बाल्या भेटतो. सुतक आहे, नातेवाइकांचे लग्नाचे टोमणे आहेत आणि त्या सगळ्यात प्रेमही आहे. गाव म्हणजे फक्त पळून जायची जागा, असं तो सिनेमा मानत नाही.

'आय ॲम गे' हे मी पुण्यात शंभरदा म्हटलंय. इंग्रजीत ते सहज निघून जातं. वऱ्हाडीत पहिल्यांदा म्हटलं ते अकोल्याच्या एका कॉलेजमित्राला. 'मले पोट्टेच आवडते बे.' तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, 'हात लेका, मले वाटलं नौकरी गेली तुही.' आता ग्रुपवर 'बायल्या'चा जोक आला की तो पाठवणाऱ्याला तिथंच झापतो. मी झापलं असतं तर 'पुण्याला जाऊन शहाणा झाला' एवढंच ऐकायला मिळालं असतं. त्याचं ऐकतात, कारण तो तिथं राहतो.

ज्याला घरी मारहाण होते, ज्याचं जबरदस्तीनं लग्न लावतात, त्यानं मिळेल ती गाडी पकडावी. यात वाद नाही. पण आग लागल्यावर बाहेर पडायचा दरवाजा दाखवला म्हणजे आग विझवली असं होत नाही. तेव्हा पुढच्या वेळी सल्ला द्यायच्या आधी तुमच्या गावच्या ग्रुपवर, मामेभावाच्या लग्नात, तुमच्या आईसमोर एक वाक्य बोलून दाखवा. आम्हाला पुण्यात खोली बघून देण्यापेक्षा ते अवघड आहे. म्हणूनच तुम्ही ते टाळता.